पिल्लं मोजू की पेशी?

प्रिय ताई,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. वय 23. यंदा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि पीएच.डी.साठी माझी दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक मुंबईत, कॅन्सरच्या पेशींवर काम करणारी चांगली लॅब आहे, फेलोशिपसकट. दुसरी इटलीत, तीन वर्षांसाठी. तिथे कोंबडीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना संख्या कशी कळते यावर काम चालतं.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरनं गेले. तंबाखू होतीच. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, पण तोंड आलंय म्हणून वर्षभर ग्लिसरीन लावत राहिले. दवाखान्यात नेलं तेव्हा मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचलं होतं. आई म्हणते, "तुझ्या बाबांसाठी तरी मुंबईला जा." मामा परवा ओट्यावर बसून तंबाखू मळत म्हणाला, "कोंबडीला गणित येतं का हे बघायला इटली कशाला? आपलं खुराडं आहे की." सगळे हसले, मीपण हसले. मग रात्री झोप आली नाही. मला पिल्लांचं काम करायचंय हे म्हणायचीच लाज वाटते. महिनाअखेर दोन्हीकडे कळवायचंय. काय करू?

— मृ.

प्रिय मृ,

तुझं पत्र छापताना कापावं लागलं. पिल्लांबद्दलचा जवळजवळ दीड पानांचा मजकूर जागेअभावी गाळला. मुंबईच्या लॅबबद्दलचं मात्र एक अक्षरही गाळलेलं नाही. तू तिच्याबद्दल लिहिलंच तेवढं आहेस. माझं निम्मं उत्तर यातच आहे. उरलेलं निम्मं तुझ्या बाबांबद्दल आहे आणि ते लिहायला मला जास्त दिवस लागले.

आधी पिल्लं. गाळलेल्या मजकुरात तू रोझा रुगानी, लुचिया रेगोलिन, जॉर्जो वालोर्तिगारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2009 सालच्या प्रयोगाबद्दल लिहिलं आहेस. तो इतर वाचकांनाही कळायला हवा. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या मनावर, सुरुवातीला जे सोबत दिसेल त्याचा ठसा उमटतो. या पिल्लांना सोबत म्हणून पाच सारख्या छोट्या वस्तू दिल्या होत्या. म्हणजे पिल्लाच्या लेखी त्या पाच वस्तू हेच त्याचं गणगोत. तीन-चार दिवसांच्या पिल्लाला पारदर्शक डब्यात बसवलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत चार वस्तू एका पडद्यामागे नेल्या, एक दुसऱ्या पडद्यामागे. मग पहिल्या पडद्यामागच्या दोन, एकेक करत, दुसऱ्याच्या मागे सरकवल्या. आता एकीकडे दोन आणि दुसरीकडे तीन. पण पिल्लाला दोन्हीकडचं काहीच दिसत नाही. त्यानं फक्त जाणं-येणं पाहिलेलं. डबा उघडला की पिल्लं बहुतेक वेळा तीनवाल्या पडद्यामागे गेली.

सुरुवातीला चार ज्या पडद्यामागे गेल्या तिकडे ती गेली नाहीत. म्हणजे गेलेल्या वजा झाल्या आणि आलेल्या मिळवल्या गेल्या, तेही कुणी न शिकवता, जन्मून चार दिवस झालेले असताना. त्यांना फक्त आपली माणसं जिकडे जास्त तिकडे जायचं होतं. मी हे वाचलं तेव्हा उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या होत्या.

2015 सालचा त्यांचा प्रयोग तर याहून चक्रावणारा. पिल्लांना पाच ठिपक्यांच्या पाटीमागे खाऊ मिळतो अशी सवय लावली. मग डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारख्या दोन पाट्या ठेवल्या. दोन्हीवर दोन-दोन ठिपके असले की पिल्लं दहातल्या साताच्या आसपास वेळा डावीकडे जात, आठ-आठ असले की उजवीकडे. पुढे दुसऱ्या पिल्लांना पाचऐवजी वीस ठिपक्यांची सवय लावली, तेव्हा आठ ठिपक्यांना ती डावीकडे वळू लागली. आठ तेच, बाजू बदलली. लहान संख्या डावीकडे आणि मोठी उजवीकडे ही मांडणी आपण पट्टी आणि पाटी-पेन्सिलीतून शिकतो असं आपल्याला वाटतं. या पिल्लांनी पट्टी कधी पाहिलेली नाही. या निष्कर्षावर पुढे बरीच वादावादी झाली आहे. तुला तिथे जाऊन त्याच वादात उतरायचंय, हे तू पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलं आहेस आणि त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेस.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर तू हसून टाळलंस, ते टाळू नको. कोंबडीला गणित येतं का, हा प्रश्न मुळात आपल्याला गणित कुठून आलं असा आहे. 2000 साली फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी सहा महिन्यांच्या बाळांना ठिपके दाखवले. बाळांना 8 आणि 16 यांतला फरक कळला, 8 आणि 12 यांतला नाही. दुप्पट असलं की कळतं, दीडपट असलं की गोंधळ. फरक किती आहे यावर नाही, पटीवर सगळं अवलंबून. हीच पटीची अट माकडांत दिसते, कावळ्यांत दिसते. आंद्रेआस नीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडांच्या आणि कावळ्यांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या ठरावीक संख्येलाच सर्वांत जास्त चेततात. कुणी तीनाला, कुणी पाचाला. आपल्या आणि कावळ्याच्या वाटा तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी दोन्हीकडे हे आहे. सेरेंगेटीत कॅरेन मॅकोम्ब यांनी सिंहिणींना परक्या सिंहिणींची गर्जना ध्वनिफितीवरून ऐकवली; एकीचा आवाज आला की कळप पुढे सरसावे, तिघींचा आला की आपण किती जणी आहोत यावर ठरे. मोजणं जिवावर बेतलेलं असतं, म्हणून ते शाळेच्या कितीतरी आधीचं आहे.

आणि शाळेतही त्याचा संबंध आहेच. शंभरातल्या तीन ते सात मुलांना डिसकॅल्क्युलिया असतो. बाकी सगळं जमतं, पण सात मोठे की नऊ हे त्यांना मुद्दाम विचार करून ठरवावं लागतं. अशी मुलं मी वर्गात पाहिली आहेत. "मठ्ठ" हा शब्द त्यांनी इतका ऐकलेला असतो की आपण काही विचारायच्या आत मान खाली जाते. त्यांच्या डोक्यात काय अडतंय हे कळायचं तर न अडणाऱ्या डोक्यात काय चालतं ते आधी कळायला हवं, आणि भाषा-शाळा-घोकंपट्टी यांच्या आधीचं डोकं म्हणजे तान्हं बाळ नाहीतर पिल्लू. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं तेव्हा आपल्याकडे किती गहजब झाला! महिनाभर वर्तमानपत्रं भरून वाहत होती. त्या वादात मराठीच्या अभिमानाबद्दल पुष्कळ ऐकलं. "पंचवीस" म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येतं, ते सहा-सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात कसं उतरतं याबद्दल फार थोडं. त्या वेळी या विषयात काम करणारी माणसं आपल्याकडे हवी होती असं मला मनापासून वाटलं होतं.

आता कॅन्सर. इथे मला माझ्या प्रॅक्टिकलची एक गोष्ट सांगू दे. मी तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. कांद्याच्या मुळाचं टोक तू केलंच असशील: वॉचग्लासमध्ये ॲसिटोकार्माइन, स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊब, मग काचपट्टीवर ठेवून वर कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठ्याचा दाब. दाब कमी पडला की गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, जास्त झाला की काच तडकलेली. मी पोरांना आकडा न सांगता मोजायला लावायची. वह्यांत 13, 15, 17, 18 असं काय काय यायचं. मग फळ्यावर लिहायची, कांद्यात 16 असतात. पाच मिनिटांनी त्याच स्लाइडवर, त्याच पेशीत, सगळ्यांना 16. पोरं खोटं लिहीत नव्हती. त्यांना खरोखरच 16 दिसत होती.

हेच माणसाच्या गुणसूत्रांचं झालं. 1923 साली थिओफिलस पेंटर यांनी 48 हा आकडा दिला आणि तीसहून जास्त वर्षं नामवंत माणसांना सूक्ष्मदर्शकातून 48 दिसत राहिली. एका गटानं तर 48 पुरी भरत नाहीत म्हणून हातातलं काम सोडून दिलं. 1955 च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंडला जो हिन त्यो यांनी पेशी नीट फुगवून, पसरून गुणसूत्रं मोजली आणि 46 भरली. अल्बर्ट लेवान यांच्यासोबतचा त्यांचा निबंध 1956 साली आला. चार वर्षांतच, 1960 साली, फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक ठेंगणं गुणसूत्र सापडलं. 1973 साली जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 आणि 22 या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल झालेत. त्याच धाग्यावरून 2001 साली इमॅटिनिब हे औषध आलं आणि तो आजार असलेली माणसं गोळी घेऊन वर्षानुवर्षं कामाला जाऊ लागली. 46 नीट मोजता आली नसती तर एक गुणसूत्र बिघडलंय हे कुणी छातीठोक सांगितलं असतं?

त्याच्याही आधी, इटलीतच, नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात टेओडोर बोवेरी समुद्री साळिंदराची अंडी पाहत असत. दोन शुक्राणू शिरलेल्या अंड्यात गुणसूत्रं वेडीवाकडी वाटली जातात आणि गर्भ नाना तऱ्हांनी बिघडून मरतो, असं त्यांनी 1902 साली मांडलं. 1914 साली त्यांनी लिहिलं की कॅन्सरच्या गाठीचं मूळही गुणसूत्रांच्या अशाच बिघडलेल्या वाटणीत असावं. त्यांनी त्यासाठी गाठी कापल्या नव्हत्या, अंडी पाहिली होती. त्यांच्या पत्नी मार्सेला याही जीवशास्त्रज्ञ; बोवेरी गेल्यावर 1929 साली त्यांनी ते पुस्तक इंग्रजीत आणलं.

आजही पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर मोजणं आहेच. न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या, गाठींत के-आय 67 नावाच्या चाचणीत रंगलेल्या, म्हणजे विभागणीला लागलेल्या, पेशी शंभरात 3 पेक्षा कमी असल्या तर पहिली श्रेणी, 3 ते 20 असल्या तर दुसरी, त्यापुढे तिसरी. डोळ्यांनी अंदाज घेतला तर 2 आणि 3 यांतला फरक निसटतो. आपली संख्येची जाण पटीवर चालते आणि दाटीवाटीच्या चित्रात फसते. म्हणून तिथे किमान 500 पेशी मोजायच्या, नुसत्या नजरेवर भिस्त ठेवायची नाही, असा दंडक आहे.

पण मृ, हे सगळं आईपुढे मांडून "बघ, माझी पिल्लंसुद्धा शेवटी कॅन्सरच्याच कामाची" असं म्हणू नको. ते खरं नाही. बोवेरींच्या अंड्यांतून निघालेली वाट कॅन्सरपर्यंत गेली म्हणून प्रत्येक अंड्यातून ती जाते असं नाही. पिल्लांचं काम तुला पिल्लांसाठी करायचंय, संख्येची जाण कुठून आली ते कळण्यासाठी करायचंय. एवढं कारण पुरे आहे. ते तसंच, लाज न बाळगता सांग.

आता बाबा. दोन दिवस मी हा परिच्छेद लिहून खोडत होते. तुझे बाबा कॅन्सरच्या पेशीतलं एखादं कोडं सुटलं नव्हतं म्हणून गेले नाहीत. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. गालातला चट्टा वेळेत कुणी पाहिला असता तर काय करायचं हेही ठाऊक होतं. उशीर झाला, आणि तो तुम्हा कुणाच्या दुष्टपणानं झाला नाही. लाखो घरांत तोंड येतं आणि ग्लिसरीन लावलं जातं. तू मुंबईच्या लॅबमध्ये पाच वर्षं एका प्रथिनाचा पाठलाग केलास तर ते मोलाचं काम असेल, पण त्यानं तो उशीर भरून निघणार नाही. आणि रोज सकाळी इनक्युबेटर उघडताना तू तोच उशीर भरून काढायला उभी असलीस, तर हे काम तुला फार लवकर थकवेल. पेशींची वाढ, दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलणं, कल्चरमध्ये बुरशी शिरून तीन महिने पाण्यात जाणं, हे सगळं सोसायला त्या कामाचीच ओढ लागते. दुःखाच्या जोरावर माणूस वर्षभर चालतं, पाच वर्षं नाही.

ज्यांना बाबांसारखी माणसं वाचवायची होती त्यांनी आपल्याकडे काय केलं ते सांगते. बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. दवाखान्यात नोंदीच मिळत नाहीत म्हणून तिथली माणसं गावोगाव फिरून, लोकांशी बोलून रुग्ण शोधत राहिली. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलच्या लोकांनी दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून, व्हिनेगरसारखं साधं द्रावण लावून गर्भाशयमुखाची तपासणी करवली. दीड लाख बायकांच्या त्या अभ्यासात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तो निष्कर्ष 2014 साली छापून आला. तुला कॅन्सरसाठी काही करायचं असेल तर त्याची एकच वाट लॅबमधून जाते असं समजू नको.

माझा सल्ला असा की इटलीला जा. पण त्याआधी चार गोष्टी पक्क्या कर. तिथे आत्ता काम करणाऱ्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांना मेल करून विचार, गाइड किती वेळ देतात, किती जण वेळेत पूर्ण करून बाहेर पडले, तीन वर्षांचे पैसे लेखी कबूल आहेत का, आणि काम लांबलं तर पुढे काय. रोजचं काम कसं असतं हेही विचार. तासन् तास व्हिडिओ पाहून पिल्लू डावीकडे वळलं की उजवीकडे हे नोंदवायचं असतं, आणि कुठल्या अपेक्षेनं पाहतो आहोत हे नोंदवणाऱ्याला माहीत नसलं तर उत्तम, कारण नाहीतर कांद्याच्या 16 सारखं होतं. हे ऐकूनही उत्साह टिकला तर जा. मुंबईच्या लॅबला महिनाअखेरीची वाट न पाहता स्वच्छ नकार कळव. त्या जागेसाठी कुणीतरी ताटकळत असेल.

आईशी बोलताना प्रयोगशाळेपासून सुरुवात करू नको. एका संध्याकाळी चवळीचे दाणे घे. मुठीतून थोडे ताटात टाक, क्षणभर दाखव, वर सूप झाक आणि किती ते तिला विचार. विल्यम जेव्हन्स यांनी 1871 साली हाच प्रयोग स्वतःवर घेवड्यासारख्या काळ्या बिया टाकून हजारावर वेळा केला होता. चारपर्यंत ते कधीच चुकले नाहीत, पाचापासून चुकायला लागले. आईचंही तसंच होईल बघ. ती दाणे निवडणारी, माप भरणारी बाई. तिला आपण कुठे चुकतो हे पाहायला आवडेल. मग तिला सांग, पिल्लांमध्ये हेच शोधायचंय. आणि ती रडली तर रडू दे. तिच्या "बाबांसाठी तरी" या शब्दांत तू दूर जाऊ नयेस हेही असेल. त्यावर उत्तर दे: फोन कधी करणार, सुट्टीत कधी येणार, लाइट बिल आणि बँकेचं कोण बघणार.

राहिले मामा. तू लिहिलंस की ते तंबाखू मळत होते. या आठवड्यातच त्यांना दंतवैद्याकडे ने. सरकारी दवाखान्यातला दातांचा विभागही चालेल. त्याआधी घरी एवढं बघ: त्यांना तोंड उघडून तीन बोटं उभी आत घालायला सांग, जातात का. जिभेच्या कडा, जिभेखाली, गालांच्या आत मोबाइलच्या टॉर्चनं पाहा. बोटं आत न जाणं, पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, यांतलं काहीही असलं तर थांबायचं नाही. काही दिसलं नाही तरी न्यायचंच. ते टाळाटाळ करतील. तू त्यांना म्हण, इटलीला जाण्याआधी मला हे एवढं करून द्या.